गाजलेल्या कुस्त्यांची मैदाने



'मैदान' या शब्दाला आमच्या सीमाभागात एक खास अर्थ आहे. बेळगाव-निपाणीकडचा मनुष्य 'परवा येळ्ळूरला मैदान आहे' असे म्हणतो, तेव्हा तो मोकळ्या जागेविषयी बोलत नसतो. कोणाची कोणाशी जोड लागली आहे, पहिल्या नंबरच्या कुस्तीला कोण उतरणार, इनाम किती ठेवले आहे, आणि मुख्य म्हणजे आपण किती वाजता निघायचे, एवढे सगळे त्या एका शब्दात सामावलेले असते. उत्तरेत याला दंगल म्हणतात. आपल्याकडे त्या शब्दाने भलताच अर्थबोध होतो, म्हणून मैदान हाच शब्द बरा.

मैदानाची रचना ठरलेली असते. आरंभी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. जिंकणाऱ्याला नारळ, फार तर मूठभर रेवड्या. मग थोड्या मोठ्या पोरांच्या, मग तालमीत मुरलेल्या तरुणांच्या, अशा कुस्त्या चढत जातात आणि दिवस कलल्यावर, पुष्कळदा दिव्यांच्या उजेडात, पहिल्या नंबरची कुस्ती लागते. क्रमाने शेवटची असते तिला पहिली म्हणायचे, हा व्यवहार परक्या माणसाला चमत्कारिक वाटतो. पण यात मोठे शहाणपण आहे. नारळासाठी झगडणारा दहा वर्षांचा मुलगा ज्या मातीला हात लावून कपाळाशी नेतो, त्याच मातीत त्याच दिवशी पंजाबचा किंवा हरियाणाचा नामांकित मल्ल शड्डू ठोकतो. हलगीही दोघांसाठी तीच कडाडते.

ही प्रथा गावोगाव होतीच. तिला राजवैभव दिले ते कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणाच्या निमित्ताने १९०२ साली महाराज विलायतेस गेले, आणि त्या प्रवासात त्यांनी रोम येथील प्राचीन वर्तुळाकार रंगभूमी पाहिली. मध्ये खोलगट आखाडा आणि सभोवार चढत जाणाऱ्या बैठका अशी ती रचना त्यांच्या मनात भरली. कोल्हापुरात खासबाग मैदानाचे काम १९०७ मध्ये सुरू झाले व १९१२ मध्ये पुरे झाले. कोठेही बसा, पुढच्याच्या फेट्याआडून आखाडा दिसत नाही अशी तक्रार तेथे करता येत नाही. रोम म्हटले की आम्हा ख्रिस्ती माणसांच्या मनात त्या रंगभूमीची निराळीच आठवण जागी होते. तेथे आमच्या धर्मवीरांचे रक्त सांडले असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. महाराजांनी त्या वास्तूतला आकार तेवढा उचलला आणि रक्त तेथेच ठेवले. जगाच्या एका कोपऱ्यात मृत्यूचा तमाशा पाहण्यासाठी बांधलेली बैठक दुसऱ्या कोपऱ्यात निःशस्त्र बलाचा खेळ पाहण्यासाठी वापरली गेली, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

खासबागेच्या उद्घाटनाची कुस्ती लागली ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन या दोघांत. मराठा राजाने बांधलेल्या मैदानाचे पहिले मानकरी दोघेही मुसलमान, याचे त्या वेळी कोणाला विशेष वाटले असेल असे नाही. मल्लाची जात तालमीच्या उंबऱ्याबाहेर राहत असे. इमामबक्ष हा गामाचा धाकटा भाऊ. १९१० साली तो गामाबरोबर लंडनला गेला होता आणि जॉन लेम नावाच्या बलाढ्य स्विस मल्लाला त्याने तेथे धूळ चारली होती.

लंडनच्या त्या स्वारीची हकिगत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण मोठ्या मैदानाचे गुण आणि दोष दोन्ही तिच्यात एकत्र सापडतात. गामाची उंची बेताची, म्हणून तेथील स्पर्धेत त्याला प्रवेश मिळेना. तेव्हा त्याने वाटेल त्या मल्लाला उघड आव्हान दिले, अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला चीत केले, आणि मग १० सप्टेंबर १९१० रोजी त्याची पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी गाठ पडली. झिबिस्को अंगाने प्रचंड. थोड्याच वेळात गामाने त्याला खाली घेतले, आणि तेथून पुढे त्या धिप्पाड मनुष्याने चटई जी धरली ती सोडलीच नाही! गामा खेचतो आहे, लोटतो आहे, आणि हा घोरपडीसारखा चिकटून पडलेला. अडीच तासांहून अधिक वेळ हे चालले. शेवटी कुस्ती निकालावाचून थांबवण्यात आली व पुढची तारीख १७ सप्टेंबर ठरली. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. 'जॉन बुल' नावाचा तो पट्टा गामाला मिळाला, पण न झालेल्या कुस्तीबद्दल. हे दोघे पुन्हा भेटले ते १९२८ च्या जानेवारीत, पतियाळाच्या महाराजांच्या मैदानात. तेथे पायाखाली माती होती, आणि एका मिनिटाच्या आत झिबिस्कोची पाठ मातीला लागली. सतरा वर्षे खोळंबलेला निकाल लागायला मिनिटभरही पुरले नाही.

निकाल हा मैदानाचा प्राण होय. दोन्ही खांदे मातीला टेकले की कुस्ती चितपट; मग वाद नाही, गणित नाही, पंचाच्या तोंडाकडे पाहणे नाही. उलट 'बरोबरीत सोडवली' हे शब्द कानी पडताच जाणता प्रेक्षक चिडतो. तसे पाहिले तर आमच्या धर्मग्रंथातील सर्वांत जुनी कुस्ती, याकोबाची, रात्रभर चालून पहाटे कोणीच चीत न होता सुटली. पण त्या कुस्तीला तिकीट नव्हते. तासन् तास उन्हात बसलेल्या शेतकऱ्याला निकाल पाहायचा असतो. दोन मल्ल नुसती खडाखडी करून, एकमेकांच्या मानेवर हात घासून वेळ काढू लागले, की त्याला संशय येतो. हा संशय नेहमीच खोटा असतो असेही नाही. ठरवून केलेल्या कुस्तीला आपल्याकडे 'नुरा कुस्ती' असे नावच पडलेले आहे, आणि ज्याला स्वतंत्र नाव पडते ती गोष्ट अपवादाने घडणारी नसते. ज्या मल्लाचा पुढच्या महिन्याचा खुराक त्याच्या नावावर अवलंबून आहे, त्याला हरण्याची भीती वाटते. ज्या चालकांना पुढच्या वर्षी पुन्हा तीच जोड लावून गर्दी खेचायची आहे, त्यांना निकाल नकोसा असतो. या दोघांच्या सोयीत प्रेक्षकाचा बळी जातो.

एकेकाळी मुंबईत फ्री-स्टाइल नावाच्या कुस्त्यांचे मोठे पेव फुटले होते. किंगकाँग हे नाव धारण करणारा अगडबंब मल्ल आणि पंजाबचा दारासिंग यांच्या लढतींना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर लोटणाऱ्या गर्दीच्या आठवणी जुने मुंबईकर सांगतात. अमेरिकेचा लू थेझ आणि दारासिंग यांची कुस्ती २९ मे १९६८ रोजी मुंबईत झाली. तीत दारासिंग विजयी झाले व त्यांना जगज्जेते म्हटले गेले. या खेळात नाट्य किती आणि बल किती याची चर्चा त्याही वेळी होत असे. माझे मत असे की, नाटक हे नाटक म्हणून तिकीट काढून पाहिले तर त्यात पाप नाही, आणि दारासिंग यांच्या अंगी खरे बल होते याबद्दलही शंका नाही. दोष आहे तो नाटकाला कुस्ती म्हणून खपवण्यात. अर्थात आमच्या लाल मातीत नुरा कुस्ती होत असताना मुंबईकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्हाला कितपत पोचतो, हा प्रश्न राहतोच.

आता आमच्या भागाकडे वळतो. चिकोडी तालुक्यातील एकसंबा हे गाव निपाणीहून फार दूर नाही. श्रीपती खंचनाळे हे तेथले. तरुण वयात ते कोल्हापूरला गेले आणि शाहूपुरी तालमीत घडले. निपाणी-कागल-कोल्हापूर या रस्त्याने आमच्या भागातील किती पोरे गेली असतील याची गणती नाही. पत्र्याची पेटी, दोन लंगोट आणि घरच्या तुपाचा डबा हे त्यांचे सामान. या रस्त्यावर १ नोव्हेंबर १९५६ रोजी एक सीमारेषा आली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कोल्हापूर मुंबई राज्यात राहिले. घर एका राज्यात, तालीम दुसऱ्या राज्यात, अशी खंचनाळे यांची स्थिती झाली. आणि नेमक्या त्याच काळात, १९५९ मध्ये, दिल्लीच्या मैदानात त्यांनी पंजाबच्या बंतासिंगाला हरवून हिंदकेसरी हा किताब मिळवला. महाराष्ट्र त्यांना पहिले हिंदकेसरी म्हणून ओळखतो. १४ डिसेंबर २०२० रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

हिंदकेसरी कोणाचा, आमचा की तुमचा, यावर आमच्याकडे अजूनही गप्पा रंगतात. सीमाप्रश्नाची वेदना मी कमी लेखत नाही. ज्या मुलांना मी शिकवतो त्यांच्या घरांत ती तिसऱ्या पिढीत पोचली आहे. येळ्ळूरच्या चांगळेश्वरी यात्रेतील मैदानाला लोक 'महाराष्ट्र मैदान' म्हणतात, ते काही उगाच नव्हे. पण मैदानाविषयी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आहे. हल्लीच्या स्पर्धा जिल्ह्यावार आणि राज्यावार भरतात. महाराष्ट्र केसरी स्पर्धेत मल्ल येतो तो आपल्या जिल्ह्याच्या संघातून. १९६१ मध्ये औरंगाबादला दिनकर दह्यारी यांनी तो किताब पहिल्याने मिळवला, तेव्हापासून तिची मांडणी अशीच आहे. तेथे प्रथम दाखला पाहावा लागतो. मैदानाला दाखला लागत नाही. चालक दोन मल्लांना शेजारी उभे करतात, वजनाचा आणि तयारीचा अंदाज घेतात, आणि जोड पटली की नाव पुकारतात. मराठी बोलणारा तालमीतून येतो, कानडी बोलणारा गरडीतून येतो. पण तालीम आणि गरडी या दोन शब्दांचा अर्थ एकच आहे, आणि घिस्सा, ढाक, कलाजंग, मोळी, धोबीपछाड ही डावांची नावे दोघांनाही सारखीच कळतात. पोटे भांडणाऱ्या या दोन भाषा आमच्या मैदानाच्या बैठकीवर खांद्याला खांदा लावून बसतात. कुस्ती संपली की भांडण पुन्हा सुरू होत असेल. कुस्ती चालू असताना मी ते कधी पाहिलेले नाही.

बेळगावच्या मैदानांत सर्वांत मोठे म्हणून ज्याची आठवण काढली जाते ते १९७७ सालचे. त्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता; पण बेळगावात वाढलेल्या माणसाने ती कुस्ती इतक्या तोंडांनी ऐकलेली असते, की डोळ्यांसमोर घडल्यासारखी ती सांगता येते. एका बाजूला दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल. उंचापुरा, वयाने तरुण. महाराष्ट्रातील भल्याभल्या मल्लांना त्याच्या नावाची धास्ती होती. हाच सतपाल पुढे १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी झाला. दुसऱ्या बाजूला हरिश्चंद्र बिराजदार. ते मूळचे लातूरकडचे, निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत त्यांनी मेहनत केली, १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. सतपालपुढे मात्र जाणती माणसेही त्यांची बाजू लंगडी धरीत होती. बिराजदारांनी घुटना डावावर सतपालला चितपट केले!

घुटना हा काही डोळे दिपवणारा डाव नव्हे. कलाजंगात मल्ल समोरच्याला खांद्यावर उचलतो, धोबीपछाडीत पाठीवरून फेकतो. लांब बसलेल्या पोराटोरांनाही ते समजते. घुटन्यात खाली असलेल्या मल्लावर गुडघ्याचा दाब देऊन, त्याला हलू न देता, हळूहळू पाठीवर फिरवायचा असतो. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, दोघे नुसते पडून आहेत. जवळच्याला मात्र दिसते की एकाचा खांदा बोटाबोटाने मातीकडे चालला आहे. म्हणूनच बेळगावातील वृद्ध मंडळी ही कुस्ती तोंडाने सांगत नाहीत, करून दाखवतात. आमच्या ओळखीच्या एका सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांनी ती मला दिवाणखान्यातील सतरंजीवर करून दाखवली, आणि त्यांना पुन्हा उभे करण्यास आम्हा दोघांना हात द्यावा लागला. बिराजदार पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. १४ सप्टेंबर २०११ रोजी ते वारले. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणारा राहुल आवारे हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला.

मैदानातून मोठे होणे आणि मैदानाने माणसाचे ऋण फेडणे, या दोन्ही गोष्टी एका चरित्रात पाहायच्या तर खाशाबा जाधव यांचे चरित्र पाहावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा विद्यार्थी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा नव्हता, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिक्षकाचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट सांगताना जरा अवघडल्यासारखे होते. आम्ही विद्यार्थ्यांसाठी फार तर सुटीतला एखादा तास गहाण टाकतो. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्या भरवल्या, स्वतः लंगोट लावून उतरले, आणि त्या पैशातून आपल्या प्राचार्यांचे घर सोडवून दिले. आजवर झालेल्या सर्व मैदानांत मला एकच पाहायला मिळणार असेल, तर मी हे मागून घेईन.

खुराकाचा प्रश्न आजही तोच आहे. संस्थाने होती तेव्हा मल्लाचे दूध-तूप-बदाम दरबाराकडून येत. १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि तो आधार गेला. पुढे साखर कारखाने आले, मानधने आली; काहींना मिळाली, पुष्कळांना नाही. सीमेच्या अलीकडच्या मुलाची अडचण दुहेरी असते. पलीकडची मदत त्याला गावामुळे मिळत नाही आणि अलीकडची तालमीमुळे मिळत नाही. माझ्या शाळेतून गेली काही वर्षे दर वर्षाला एक-दोन मुले दहावी होताच कोल्हापूरची वाट धरतात. त्यांच्या घरी म्हशीचे दूध डेअरीला घालायचे की मुलाला पाठवायचे, याचा हिशेब रोज पहाटे होतो. आई एक बोलते, बाप दुसरे. मी मुलाला बारावीचा अर्ज तेवढा भरायला लावतो.

आखाड्याचेही रूप पालटले. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली लाल माती आमच्या मैदानांत अजून आहे. स्पर्धांत मात्र गादी आली आणि तिच्याबरोबर मिनिटे व गुण आले. हे टाळता येण्यासारखे नव्हते. जगाच्या स्पर्धा गादीवर होतात, आणि माती धरून बसणाऱ्याला ऑलिंपिकचे दार उघडत नाही, हे खाशाबांनी १९४८ मध्येच अनुभवले होते. परंतु गुण आले की गुणांचा वाद येतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला, पण लोकांच्या तोंडी राहिला तो पंचाच्या निर्णयावरून झालेला गोंधळ आणि त्यापायी मल्लांवर झालेली कारवाई. पंचावर हात वा पाय उचलणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. परंतु आमच्या भागातील म्हातारा प्रेक्षक अशा वेळी खांद्यावरचा टॉवेल झटकून एवढेच विचारतो की, खांदे टेकले होते की नाही?

एका विषयाचा उल्लेख राहिला. १९५४ च्या मे महिन्यात बडोद्याला हमीदा बानू या स्त्रीने बाबा पैलवान याला दीड मिनिटाच्या आसपास चीत केले. त्या काळी पुरुष तिच्याशी लढायला कचरत, आणि लढलेच तर लोक तिला टोमणे मारीत. बाईमाणसाने आखाड्यात पाऊल ठेवू नये असा दंडक अनेक तालमींत होता, काही ठिकाणी अजून आहे. मला तो कधीच पटला नाही. ज्या मातीने धर्म पाहिला नाही, भाषा पाहिली नाही, तिने एवढाच भेद का पाहावा? २०२३ मध्ये सांगलीला स्त्रियांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडी हिने गदा खांद्यावर घेतली. त्यानंतर आमच्याकडेही मुलींच्या जोडी लावण्याची मागणी वाढली आहे. अजून त्या मधल्या क्रमांकावर लावतात, हलगीवालाही हात जरा आखडता घेतो. पण बैठकीवरच्या बायका आता उठून जात नाहीत.

माझ्या सातवीच्या वर्गातील एक मुलगी यंदा प्रथमच नारळाच्या कुस्तीला उतरणार आहे. तिच्या वडिलांनी दुसऱ्या दिवशीच्या रजेचा अर्ज आधीच आणून दिला आहे. जिंकली तर मिरवणूक निघेल आणि हरली तर अंग दुखेल, म्हणून रजा दोन्ही बाजूंनी हवी, असा त्यांचा हिशेब. मी रजा मंजूर केली आहे. त्या दिवशीची अपूर्णांकांची उदाहरणे मात्र तिला मंगळवारी फळ्यावर सोडवून दाखवावी लागतील.